कडेवर

लिफ्टच्या टपावर उभं असताना फोन घ्यायचा नाही, हा नियम त्यानंच घातलेला. नवीन माणूस कामावर आला की हा नियम तो त्याला दम देऊन शिकवायचा. खाली सात मजल्यांची काळोखी विहीर, वर मोटरच्या खोलीत बसलेला जोडीदार, मध्ये तेलानं काळे पडलेले दोर, आणि अशात खिशातला फोन मांडीला लागून थरथरायला लागला. त्यानं दुर्लक्ष केलं. फोन थांबला आणि लगेच पुन्हा थरथरला. असं लागोपाठ फोन करणारी माणसं त्याच्या माहितीत दोनच, एक बायको, आणि दुसऱ्या म्हणजे मुलांच्या केंद्रातल्या मॅडम, आणि दोघींपैकी कुणीही सहज म्हणून करत नसे. हातमोजा दातानं ओढून त्यानं फोन कानाला लावला. "बसलायत का? बसा आधी," मॅडम म्हणाल्या. बसायला तिथं काय होतं, डोंबल? "बोला," तो म्हणाला. "चांगली बातमी आहे, भाऊ. धाकट्यासाठी घर मिळालं. त्यांच्याच भाषेचं. नवराबायको दोघंही असेच हद्दीपलीकडून आलेले, पण आता इथं चांगले रुळलेत. घर लहान आहे, म्हणून एकच मूल घेतील, आणि लहानच हवंय त्यांना." त्यानं दोराला हात लावला, आधारासाठी. "आणि मोठी?" "मोठी तुमच्याकडेच राहील की. तुम्हीच म्हणाला होतात ना, ती नसती तर तो आठ दिवसांत माणसाळला असता? ते वाक्य बैठकीत सगळ्यांच्या मनात बसलं बघा. मी दुपारी येते, तिला नीट समजावून सांगू. तुम्ही घरी असा." फोन बंद झाला. वरून जोडीदार ओरडला, "काय रे, जिवंत आहेस का?" "आहे." "मग वर घे म्हण, नाहीतर खाली घे म्हण. मी काय इथं बटण धरून म्हातारा होऊ?" खाली घे, असं तो म्हणाला, आणि लिफ्ट हलली.

माणसाळला असता. हा शब्द मॅडमचा. तो असं म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता, "ती नसती ना, तर हा आठ दिवसांत आमचा झाला असता." केंद्रातल्या त्या लांबट खोलीत, कागदी कपातला चहा हातात, दुसऱ्या हाताला पट्टी, समोर मॅडम आणि अजून तीन-चार जण, आणि हा हसत हसत सांगतोय. सगळे हसलेही होते. घरी, कामावर, लग्नाकार्यात माणसांना हसवायचं हा त्याचा जुना धंदा. जिभेला हाड नाही असं बायको म्हणायची ते काही खोटं नव्हतं. पण ते वाक्य जिभेवरून घसरलेलं नव्हतं. ते आतून आलं होतं, बरेच दिवस आत फिरत होतं, आणि हसण्याचा दरवाजा उघडा दिसल्याबरोबर बाहेर पडलं. मॅडमनी सभ्यपणानं 'आमचा' काढून 'माणसाळला' घातलं. भल्या बाई. त्यांना वाटलं असेल, माणूस मुलाच्या भल्याचंच बोलतोय. लिफ्टचा दरवाजा सरकवून तो तळमजल्यावर उतरला, जिना उतरून आलेल्या जोडीदाराला म्हणाला, घरी जातो, काम आहे. जोडीदारानं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हत्यारांची पिशवी आपल्याकडे घेतली.

बसनं गेलं असतं तर लवकर पोचला असता, पण लवकर पोचायचं होतं कुणाला? तो चालत निघाला. ही दोघं भावंडं घरी आली तेव्हा थंडी सुरू झाली होती. केंद्र म्हणजे शहराच्या टोकाची एक पिवळी दुमजली इमारत. लढाईतून निसटून आलेली, मागे कुणी उरलं नाही किंवा उरलंय की नाही तेच ठाऊक नाही अशी मुलं तिथं येतात आणि मॅडम त्यांना ठेवायला घरं शोधतात. दत्तक नव्हे, सांभाळायला. हा फरक मॅडमनी नवराबायकोला पुन्हा पुन्हा सांगितला होता: मूल तुमचं होणार नाही, उद्या त्याचं कुणी सापडलं तर हसत परत द्यायचं. त्यानं मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं? पन्नाशी उलटेपर्यंत ज्या घरात पाळणा हलला नाही त्या घरात मान डोलवण्याची सवयच झालेली असते. आणि मग दारात मोठी उभी राहिली, स्वतः काडीसारखी, आणि कडेवर हा गोळा. ती असेल दहा-अकराची, तो तिसऱ्या वर्षात. धाकट्याला सतत एका बाजूला घेऊन तिची कंबरच तिकडे कललेली होती, तो कडेवर नसला तरी ती तशीच तिरकी उभी राहायची. नावं होती त्यांना, चांगली लांबलचक, पण ती उच्चारताना नवराबायकोची जीभ अशी अडखळायची की मोठी कसनुसं तोंड करायची. शेवटी मोठी आणि धाकटा हेच कायम झालं. मोठी भाषा भराभर शिकली. दुकानात गेलं की बायकोच्या आधी तीच भाव विचारायला लागली. फक्त एक गोष्ट तिनं कुणाचीही ऐकली नाही. धाकट्याला ती जमिनीवर ठेवायची नाही. पलंगावर चालायचं, खुर्चीवर चालायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून त्याला अंडं भरवायची, खिडकीच्या कट्ट्यावर उभा करायची; पण फरशीवर त्याचं पाऊल म्हणून टेकू द्यायची नाही. बायकोला वाटलं, फरशी गार लागते म्हणून. तिनं जाडसर सतरंजी आणली. मोठीनं सतरंजीवरून हात फिरवला, छान आहे म्हणाली, आणि धाकट्याला पलंगावर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, पोराच्या पायात दोष काही नाही, पण या वयात पळायला पाहिजे. मॅडम म्हणाल्या, तिनं फार घट्ट धरलंय त्याला, सोडायला शिकवायला हवं. सगळे आपापल्या परीनं शहाणे, आणि त्या शहाण्यांत हाही.

पण खरं सांगायचं तर धाकट्याच्या पायांची काळजी त्याला नंतर वाटायला लागली. आधी वाटलं ते वेगळंच. संध्याकाळी तो कामावरून यायचा, टोपीवरचा दिवा मुद्दाम चालू ठेवून दारात उभा राहायचा, आणि तो उजेड बघून धाकटा असा खिदळायचा, असे दोन्ही हात पुढे टाकायचा, की याचं काळीज सुपाएवढं व्हायचं. तोही हात पुढे करायचा. आणि मोठी अर्धी वळायची. बस, एवढंच. बोलायची नाही, रागवायची नाही, नुसता खांदा मध्ये घालायची. एवढीशी पोर, पण तो खांदा भिंतीसारखा यायचा. मग हा तिथंच हात पसरून उभा, टोपीवरचा दिवा भिंतीवर पडलेला. स्वयंपाकघरातून बायको हे बघायची आणि काही न बघितल्यासारखं करून मोठीला हाक मारायची, ये गं, केस विंचरते. मोठी जायची. धाकट्याला मांडीवर घेऊन बायकोसमोर बसायची, आणि बायको तिची ती गुंतलेली झिपरी हळूहळू सोडवत बसायची, बटा वेगळ्या करत, काहीतरी गुणगुणत. त्या दोघींचं जमलं होतं. बायकोला मोठी मिळाली होती. याच्या वाट्याला कुणी आलं नव्हतं. जेवताना, दात घासताना, सातव्या मजल्याच्या दाराचा खटका दुरुस्त करताना त्याला धाकट्याचे ते दोन हात दिसत, आणि मग तो खांदा. एक दिवस आरशात दाढी करताना त्याच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, ही पोर मध्ये नको होती. त्यानं वस्तरा खाली ठेवला. पन्नाशी उलटलेला माणूस दहा वर्षांच्या पोरीचा मत्सर करतो, ही काय कुणाला सांगायची गोष्ट आहे? कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. पण लाज वाटली म्हणून मत्सर जातो थोडाच. तो फक्त कपडे बदलून येतो. तो काळजी होऊन आला. पोरानं चालायला हवं, हा विचार त्या दिवशीपासून त्याच्या डोक्यात पक्का झाला.

त्याच्या सुट्टीचा दिवस होता. मोठी शाळेत. शाळेत जायला ती कबूल झाली होती ती बायकोकडून वचन घेऊनच. खाणाखुणा करून, जमिनीकडे बोट दाखवून, मान जोरजोरात हलवून. बायको ते वचन पाळायची, कामाला उठली की धाकट्याला टेबलावर बसवायची आणि बोलत बोलत भाजी चिरायची. त्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि घरात हे दोघंच राहिले. त्यानं धाकट्याला पलंगावरून उचललं, सतरंजीवर उभं केलं. पोराचे तळवे लोण्यासारखे मऊ, कधी कशाला न लागलेले. धाकटा आधी भेदरला, मग खाली पायांकडे बघून हसला. यानं दोन पावलं मागं सरून हात पसरले आणि ये, ये, ये म्हणाला, आणि ते पोर आलं! डुलत, झोक जात, एक पाय इकडे एक तिकडे, पण आलं, आणि येऊन याच्या गुडघ्यांवर आदळलं. त्यानं ते उचलून छातीशी धरलं. खांदा नाही, भिंत नाही, मध्ये कुणी नाही. डोळे भरून आले त्याचे, खोटं कशाला बोला. मग त्यानं त्याला पुन्हा खाली ठेवलं, पुन्हा मागं सरला, आणि तेवढ्यात दार उघडलं. शाळा लवकर सुटली होती. मोठीनं दप्तर तिथंच टाकलं. किंचाळली नाही. झेप घेऊन धाकट्याला उचललं, भिंतीशी जाऊन बसली, आणि हा तिला शांत करायला म्हणून डोक्यावर हात ठेवायला गेला तर तिनं तो हात धरून कडाडून चावा घेतला, अंगठ्याच्या बुडाशी, रक्त येईपर्यंत. नंतर ती फ्रॉकच्या टोकानं धाकट्याचे तळवे पुसत बसली. कितीतरी वेळ पुसत होती, एक झाला की दुसरा, दुसरा झाला की पुन्हा पहिला. त्याच आठवड्यात केंद्रातली बैठक होती. हातावर पट्टी बघून मॅडम म्हणाल्या, हे काय? आणि यानं किस्सा रंगवून सांगितला.

चालता चालता तो एका इमारतीपाशी थांबला. आतली लिफ्ट त्याच्याच हातची होती. लोकांना वाटतं, मोटर लिफ्टला ओढून वर नेते. मोटरच्या बापाला जमणार नाही ते. लिफ्टच्या पेटीच्या पाठीमागं, कुणाला न दिसणारं, लोखंडी ठोकळ्यांचं एक काउंटरवेट त्याच दोराला टांगलेलं असतं. पेटी वर तेव्हा ते खाली, ते वर तेव्हा पेटी खाली. मोटर नुसती कलतं माप देते. नवीन माणसाला तो हेच पहिलं शिकवायचा, की ते वजन म्हणजे ओझं समजू नकोस, ते काढलंस तर पेटी हलकी होऊन उडणार नाही, सरळ खड्ड्यात जाईल. आणि हेच शिकवणारा हा गाढव, एका पोरीच्या कडेवरचं वजन काढून घ्यायला निघाला होता, आणि वर तिचं भलं करतोय असं म्हणत होता. दारावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, काही बिघडलंय का? नाही, तो म्हणाला, आणि पुढं निघाला.

आठ दिवस. हे माप तरी कुठून आलं होतं त्याच्या तोंडात? चौकात सिग्नलला उभा असताना त्याला ते आठवलं आणि सिग्नल सुटला तरी तो उभाच राहिला. ते त्याच्याच घरातलं होतं. मावशी ते सांगायची, आल्यागेल्याला, कौतुकानं: आठ दिवसांत माझा झाला हो हा! आई गेली तेव्हा तो दोन-अडीच वर्षांचा. अक्का नऊची. वडील कामावर, आणि घरात अक्का याला कडेवर घेऊन चूल सांभाळायची. हे त्याला आठवत नव्हतं, सांगून सांगून माहीत झालेलं. मग मावशी आली, मूल नसलेली, मायाळू, आणि अक्काला म्हणाली, दे तो इकडे, तू आता खेळ. याला घेऊन ती तिच्या गावी गेली. काय चुकलं मावशीचं? काही नाही. तिनं त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, शिकवलं, मरताना त्याचा हात हातात होता. वर्षभरानं सुट्टीत अक्का भेटायला आली. त्याची पहिली खरी आठवण तीच: दारात एक तिरकी उभी असलेली मुलगी, हात पुढे करते, आणि तो मावशीच्या पदराआड लपतो. मावशी हसते. ती मुलगीही हसते, हात मागं घेते, आणि मग ते हात कुठं ठेवायचे हे तिला कळत नाही. झग्याला पुसते, पाठीमागं नेते, पुन्हा पुढं आणते. इतकी वर्षं त्याला हे आठवायचं ते एखाद्या फोटोसारखं, त्यात काही दुखायचं नाही. अक्का अजून आहे, दूर, नातवंडांत. तिच्या मुलीच्या लग्नात तिनं याला खुर्ची दिली, ताट स्वतः आणलं, म्हणाली, "घ्या ना अजून, तुम्ही काहीच घेतलं नाहीत." धाकट्या भावाला अहोजाहो. त्याला तेव्हा वाटलं होतं, मान देते. आज, त्या चौकात, त्याला पहिल्यांदा कळलं की तिनं त्या दिवशी दारात हात मागं घेतले ते कायमचे. मावशीनं तिचं ओझं उतरवून दिलं आणि ती बिचारी जन्मभर रिकामी उभी. रस्त्यात, भर दुपारी, त्याला रडू फुटलं, आणि शेजारून जाणाऱ्या बाईनं जरा लांबूनच वळसा घेतला.

घरी पोचला तेव्हा मॅडम आल्या होत्या. खुर्चीच्या टोकावर, समोर पाण्याचा भरलेला ग्लास. बायको स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, चेहरा उतरलेला. तिला सांगून झालं होतं. मोठी पलंगावर, धाकटा तिच्या मांडीवर तिच्या बोटांशी खेळत. मॅडमनी तिला सांगितलं, सोप्या सोप्या शब्दांत, जे काही सांगायचं ते: चांगली माणसं आहेत, तुझीच भाषा बोलतात, तू महिन्यातून भेटायला जायचंस, तुला आता शाळा, मैत्रिणी, खेळ. तो दाराशीच उभा राहिला. आता ती ओरडेल, चावेल, धाकट्याला घेऊन पलंगाखाली शिरेल, असं त्याला वाटत होतं, आणि त्याला तसं हवंही होतं. तिनं तसलं काही केलं नाही. तिनं धाकट्याच्या मुठीतून आपलं बोट सोडवलं. मग म्हणाली, "दूध गार द्यायचं नाही. गार दिलं की पोट दुखतं." मॅडम म्हणाल्या, "सांगते." "झोपताना पाठ थोपटायची नाही. पोटावर हात ठेवायचा, नुसता. मग झोपतो." "सांगते हं." "अंधार चालतो. मोठ्या आवाजाला घाबरतो. आवाज आला की कान धरायचे त्याचे, तुमचे नाही, त्याचे." मॅडमनी पिशवीतून वही काढली आणि लिहून घेतलं. "त्यांच्याकडे पलंग आहे का?" "असेल की, राणी." "असेल नाही. आहे का?" आणि हे सगळं त्याच आवाजात, दुकानात भाव विचारावा त्या आवाजात. घरं सोडून द्यायची, माणसं सोडून द्यायची सवय असलेल्या माणसाचा आवाज. तेवढं बोलून तिनं धाकट्याचा सदरा खाली ओढून सारखा केला, आणि मग तिचे हात तिच्या मांडीवरच थांबले, पालथे, काय करायचं ते न कळून.

"मॅडम, थांबा," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "मी बैठकीत बोललो ते सोडून द्या." "अहो, तुमच्या एकट्याच्या बोलण्यावर…" "ऐका हो! मी म्हणालो, ती नसती तर हा आमचा झाला असता. आमचा म्हणालो मी. तुम्ही ते गोड करून घेतलंत. मला तो हवा होता. मला. ही पोर मध्ये येत होती, म्हणून बोललो. पोराच्या पायाचं बियाचं सगळं नंतरचं." बायकोनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेला नजर द्यायची त्याची हिंमत झाली नाही. "तिनं त्याला गुदमरवलेलं नाही. तिनं त्याला आणलंय. कुठून कुठून आणलंय ते आपल्याला माहीत तरी आहे का? दोघांना तोडू नका. मला लहानपणी असंच तोडलं होतं, आणि मी मजेत वाढलो, मला काही झालं नाही. जे झालं ते माझ्या बहिणीला झालं, आणि ते मला आज कळतंय, या वयात." मॅडमनी ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. त्या रागावल्या नव्हत्या. बिचाऱ्या दमलेल्या दिसल्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "बरं केलंत, बोललात. पण मग पुढचंही ऐका. दोघांना एकत्र ठेवायचं ठरलं, तर आधी मला त्या घरी विचारावं लागेल, दोघांना घ्याल का म्हणून. त्यांची भाषा, त्यांची माणसं. ते हो म्हणाले तर दोघंही जातील. मोठीसुद्धा. तुमच्याकडे कुणी राहणार नाही. मी विचारू का?" आता मात्र त्यानं बायकोकडे बघितलं. तिच्या हातात कंगवा होता, कधीपासून कुणास ठाऊक. हिचं मी काय केलं, त्याच्या मनात आलं. माझं मी बोललो, आणि किंमत हिच्या पदरात टाकली. "न विचारता दोघं इथंच राहिले तर?" त्यानं विचारलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आता जे बोललात त्यानंतर तुम्हीच सांगा." पलंगावरून मोठी त्याच्याकडे बघत होती. तिला किती कळलं होतं देव जाणे, पण पहिल्यांदाच ती खांदा मध्ये न घालता, समोरासमोर बघत होती. "विचारा," तो म्हणाला.

मॅडम गेल्यावर बायकोनं भांडी घासायला घेतली, घासलेलीच पुन्हा. तो दाराशी जाऊन उभा राहिला. "काही बोल," तो म्हणाला. "काय बोलू? तुमचा नव्हता झाला, म्हणून माझी पण देऊन टाकलीत." तिनं नळ बंद केला. "चुकलात असं म्हणत नाही मी. तुमच्या जागी मी असते तर मलाही तेच बोलावं लागलं असतं. पण मी नसते बोलले. मूग गिळून बसले असते आणि ती माझ्याकडे राहिली असती. तेवढं लक्षात ठेवा." त्यानं ओट्यावरचं फडकं उचलून तिच्यापुढं केलं. तिनं हात पुसले, बाहेर जाऊन मोठीला म्हणाली, ये गं, आणि मोठी आली, नेहमीसारखी समोर बसली, आणि बायको तिचे केस सोडवत राहिली. गुणगुणली मात्र नाही.

ते हो म्हणाले. दोन दिवस एकमेकांशी भांडले, मॅडम फोनवर म्हणाल्या, एक खाट उसनी आणली, आणि हो म्हणाले. त्याला वाटलं होतं, नाही म्हणतील. इतकं वाटलं होतं की आतून तो त्या नाहीवरच जगत होता. पण हो आलं आणि आठवडा संपायच्या आत निघायचा दिवसही आला. बायकोनं मोठीला नवे बूट आणले, पांढऱ्या नाडीचे, पाय वाढतो म्हणून जरा मोठेच. पिशव्या गाडीत ठेवून झाल्या. मॅडम पुढच्या सीटवर बसल्या. बायको मोठीला कुशीत घेऊन काहीतरी कानात सांगत होती, आणि मोठी, कडेवर धाकटा, ऐकत होती आणि मान हलवत होती. तो बाजूला उभा. आज हात पुढे करायचे नाहीत, असं त्यानं सकाळीच ठरवलं होतं. धाकट्यानं त्याच्याकडे बघून खिदळून हात टाकले, तरी त्यानं खिशातले हात खिशातच ठेवले.

मोठीच्या बुटाची नाडी सुटली. तिनं खाली बघितलं. "थांब, मी बांधते," बायको म्हणाली आणि वाकायला लागली. "नको काकू. मला येते." ती क्षणभर उभी राहिली, एकदा बुटाकडे, एकदा गाडीकडे बघत, आणि मग वळून त्याच्यासमोर आली. "काका, धरा." त्याला कळेना. "काय धरू?" "याला." आणि तिनं खांदा मागं घेतला आणि धाकट्याला उचलून त्याच्यापुढं केलं. त्यानं हात खिशातून काढले. धाकटा त्याच्या हातात आला, ऊबदार, जड, आणि आल्याबरोबर त्याच्या कॉलरला लोंबकळला. मोठीनं अजून हात पूर्ण सोडले नव्हते. "खाली नाही ठेवायचं," ती म्हणाली. "नाही ठेवणार." "आईनं सांगितलंय. ट्रकमध्ये चढवताना म्हणाली, मी मागून येते, तोवर याला जमिनीवर ठेवू नकोस." मग तिनं हात सोडले आणि वाकली. बायकोनं तोंडावर पदर धरला. त्याला ती सतरंजी दिसली, आणि तळवे पुसणारी ती, आणि आपण मागं सरत म्हटलेलं ये, ये, ये. त्या पोरीचा सगळा मुलूख मागं राहिला होता, आणि आईची म्हणून एवढी एकच गोष्ट तिच्याजवळ उरली होती, तिचा शब्द. आणि तो आपण फरशीवर ठेवला होता. माफ कर म्हणावं असं त्याला वाटलं, पण ते कुठल्या तोंडानं म्हणणार? त्यानं धाकट्याला अजून वर, खांद्याशी घेतलं. पायाखालचा रस्ता चांगला सपाट, कोरडा, उन्हानं तापलेला होता. मोठीनं एका बुटाची नाडी बांधली, मग दुसऱ्याची, न सुटलेली, तीही सोडून पुन्हा घट्ट बांधली, आणि त्यानं तिला घाई कर म्हटलं नाही. मग ती गाडीत चढली, नीट सरकून बसली, आणि हात पुढे केले. "द्या," म्हणाली. त्यानं आत वाकून धाकट्याला तिच्या मांडीवर ठेवलं, आणि ठेवताना त्याचे पाय कुठं टेकत नाहीत ना, ते बघितलं.